बाजरीची विरळणी व खताची मात्रा

नाशिक, अहिल्यानगर, धुळे या जिल्ह्यांतील हलक्या व मध्यम जमिनींत बाजरी हे खरिपाचे जुने पीक होय. तेथील मुले ते लहानपणापासून पाहतात. तथापि उगवलेली रोपे उपटून का टाकावयाची, हे त्यांना सहसा ठाऊक नसते. घरच्या वडीलधाऱ्यांनाही हिरवे रोप उपटणे जिवावर येते, आणि मग विकत आणलेल्या युरियाचे मोल पदरात पडत नाही.

साध्या गणिताने याचा उलगडा होतो. दोन ओळींत 45 सेंटिमीटर व दोन रोपांत 15 सेंटिमीटर अंतर ठेवल्यास हेक्टरी सुमारे 1 लाख 48 हजार रोपे बसतात. हेक्टरी 3 किलो बी पेरले व हजार दाण्यांचे वजन 10 ग्रॅमच्या आसपास धरले, तर दाणे होतात 3 लाख, म्हणजे दुप्पट. सर्वच बी उगवत नाही हे खरे, परंतु जेथे चांगले उगवते तेथे दाटी होणारच. पेरणीनंतर सुमारे 10 व 20 दिवसांनी विरळणी करावयाची ती यासाठी.

दाटीतील रोपे ओल, ऊन व अन्न यांसाठी परस्परांशी झगडतात. ती बारीक राहतात, फुटवे कमी येतात, कणसे आखूड होतात. अशा शेतात नत्र घातले की पाला माजतो, आणि पावसाने ताण दिल्यास तोच पाला जमिनीतील ओल लवकर संपवितो. उलटपक्षी रोपे फार विरळ असल्यास फुटवे वाढून तूट काही अंशी भरून निघते, पुरती नव्हे. येथे विद्यार्थी हमखास फसतात: कणीस मोठे, म्हणून पीक मोठे असे ते समजतात. तोलावयाचे ते साऱ्या वाफ्याचे धान्य.

शाळेच्या बागेत 3 मीटर लांब व 2.25 मीटर रुंद असे चार वाफे करावेत. दोहोंत विरळणी करावी, दोहोंत करू नये. प्रत्येक जोडीतील एकास खत द्यावे. विरळलेल्या वाफ्यात पाच ओळी व बरोबर 100 रोपे राहतात. मध्यम जमिनीस हेक्टरी 50 किलो नत्र धरल्यास वाफ्यास सुमारे 34 ग्रॅम लागते. निम्मे पेरणीच्या वेळी स्फुरद व पालाश यांसह द्यावे. उरलेले, म्हणजे सुमारे 37 ग्रॅम युरिया, महिन्याच्या आत खुरपणीनंतर, जमिनीत ओल असतानाच द्यावे. हा हिशेब मुलांकडूनच करवून घ्यावा.

कडेच्या ओळींना मोकळी जागा अधिक मिळते, म्हणून मधल्या तीन ओळींचेच धान्य वाळवून तोलावे. दाणे भरू लागताच पाखरे येतात. राखण नसेल तर कणसांवर जुन्या फडक्याच्या पिशव्या बांधाव्यात, अन्यथा तागडीत पडेल ते पाखरांनी ठेवलेले धान्य.