पिल्टडाउनची कवटी : हाडांच्या साक्षीची परीक्षा

जुन्या कागदाची परीक्षा कशी करावी हें या त्रैमासिकाच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. कागद कोणत्या दप्तरांत सांपडला, त्याची शाई व अक्षराचें वळण सांगितलेल्या काळाशीं जुळतें कीं नाहीं, मायना व शिक्का यथास्थित आहेत कीं नाहींत, आणि समकालीन इतर कागदांशीं त्याचा मेळ बसतो कीं नाहीं, हे प्रश्न विचारल्यावांचून कोणीहि सावध संशोधक त्यावर इतिहास रचीत नाहीं. मानवाच्या उत्पत्तीचा शोध घेणाऱ्या शारीर मानवशास्त्रास लेखी कागद मुळींच उपलब्ध नसतात. त्याचें दप्तर भूमीच्या थरांत असून त्यांतील कागद म्हणजे कवट्या, जबडे, दांत व मांडीचीं हाडें होत. तथापि परीक्षेचे प्रश्न तेच. ते वेळेवर न विचारल्यामुळें एक बनावट अस्सलपत्र चाळीस वर्षें कसें खरें म्हणून मिरवलें, याची हकीकत येथें देण्याचा आमचा उद्देश आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मनुष्य माकडापासून झाला, असें उत्क्रांतिवादाचें मत म्हणून लोकांत सांगण्यांत येतें; तें जसेंच्या तसें खरें नव्हे. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या आपणांपुढें असल्या आणि दोहींत कांहीं लेखनदोष समान आढळले, तर एक पोथी दुसरीवरूनच उतरली असें आपण लगेच म्हणत नाहीं. दोहींची मूळ प्रत एक असून ती आज लुप्त झाली असावी, असेंहि अनुमान संभवतें. आजचा चिंपांझी व आजचा मनुष्य यांचा संबंध या दुसऱ्या प्रकारचा आहे. दोघांचे समान पूर्वज सुमारें ६० ते ७० लक्ष वर्षांपूर्वीं होऊन गेले, आणि तेथपासून दोन शाखा निराळ्या झाल्या. मानवशाखेच्या मधल्या प्रतींचीं जीं त्रुटित पानें भूमींत मिळतात, त्यांचा क्रम लावणें हें या शास्त्राचें मुख्य काम होय. या क्रमांत विसाव्या शतकाच्या आरंभीं वादाचा मुद्दा असा होता : आधीं मेंदू वाढला, कीं आधीं आपला पूर्वज दोन पायांवर उभा राहिला?

या वादांत इंग्लंडच्या ससेक्स परगण्यांतील पिल्टडाउन येथून एक साक्षीदार पुढें आला. चार्ल्स डॉसन नांवाचा एक वकील पुराणवस्तूंचा हौशी संग्राहक होता. तेथील खडीच्या खाणींत मिळालेले कवटीचे तुकडे त्यानें ब्रिटिश म्युझियमच्या भूगर्भविभागाचे प्रमुख आर्थर स्मिथ वुडवर्ड यांस दाखविले. पुढें दोघांनीं मिळून खोदकाम केलें, आणि १८ डिसेंबर १९१२ रोजीं लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढें हा शोध जाहीर झाला. कवटी मानवी घडणीची होती. खालच्या जबड्याचा अर्धा भाग वानरासारखा होता. मात्र त्यांतील दोन दाढा माणसाच्या दाढांप्रमाणें सपाट झिजलेल्या होत्या. मेंदू आधीं वाढला असें मानणाऱ्यांस याहून सोयीचा पुरावा कोणता हवा होता? शिवाय जर्मनींत व फ्रान्सांत प्राचीन मानवाचीं हाडें निघत असतां इंग्लंडचें दप्तर तोंवर रिकामें होतें. ती उणीवहि भरून निघाली.

येथें जुन्या कागदांचा अभ्यासक सावध झाला असता. जबडा कवटीस जेथें जोडला जातो तो सांधा मोडलेला होता, आणि हनुवटीकडचा भागहि गहाळ होता. म्हणजे जबडा व कवटी एकाच्याच आहेत कीं नाहींत, हें ज्या दोन जागांवरून ठरावें त्याच नेमक्या नाहींशा झाल्या होत्या. मिति व शिक्का जेथें असावयाचा तेवढाच कागद फाटलेला असावा, तसा हा प्रकार होता. लंडनचे शारीरवेत्ते वॉटर्स्टन यांनीं १९१३ सालीं, व अमेरिकेचे मिलर यांनीं १९१५ सालीं, जबडा वानराचा आहे असें स्पष्ट लिहिलें. परंतु १९१३ सालींच अपेक्षित होता तशाच आकाराचा सुळा त्या खाणींत सांपडला. डॉसन १९१६ सालीं वारला, आणि त्याला दुसऱ्या एका ठिकाणीं मिळालेले म्हणून आणखी तुकडे १९१७ सालीं जाहीर झाले. तें दुसरें ठिकाण नेमकें कोणतें, हें कोणासच दाखवितां आलें नाहीं. तरी कित्येक शंकेखोरांचें समाधान झालें. मूळ हाडें कुलपांत राहिलीं, आणि बहुतेक विद्वानांनीं ओतीव प्रतिकृतींवरच आपले निर्णय दिले.

खोट्या कागदाचें खरें नुकसान असें कीं, तो खऱ्या कागदाची जागा अडवितो. १९२४ सालीं दक्षिण आफ्रिकेंत टाउंग येथील चुनखडीच्या खाणींतून एका बालकाची कवटी रेमंड डार्ट यांच्या हातीं आली. मेंदू लहान, परंतु दांत मानवी वळणाचे. आणि मज्जारज्जु कवटींत शिरण्याचें छिद्र पुढच्या बाजूस सरकलेलें. यावरून तें प्राणी उभें चालत होतें, असें डार्ट यांनीं १९२५ सालीं प्रतिपादिलें. ही साक्ष पिल्टडाउनच्या अगदीं उलट होती. कवटी बालकाची असल्यामुळें तिजवर आणखीहि आक्षेप निघाले, आणि ती बराच काळ वानरांतच मोडली गेली. पिल्टडाउनचे एक मोठे पुरस्कर्ते आर्थर कीथ यांनीं डार्ट यांचें म्हणणें बरोबर होतें, अशी कबुली दिली ती १९४७ सालीं. पुढें १९७४ सालीं इथिओपियांत हडार येथें सुमारें ३२ लक्ष वर्षांपूर्वींचा सांगाडा मिळाला, आणि १९७८ सालीं टांझानियांत लेटोली येथें त्याहूनहि जुनीं पावलें उमटलेलीं आढळलीं. आपले पूर्वज मेंदू वाढण्याच्या पुष्कळ आधीं चालूं लागले होते, हें आतां निर्विवाद आहे.

पिल्टडाउनचें बिंग फुटलें तें हाडांच्या द्रव्यपरीक्षेनें. भूमींत पडलेलें हाड पाण्यांतील फ्लुओरीन हळूहळू शोषून घेतें. म्हणून एकाच जागीं सारखाच काळ पडलेल्या हाडांत त्याचें प्रमाण सारखें असावें लागतें. केनेथ ओकली यांनीं १९४९ सालीं केलेल्या परीक्षेंत हीं हाडें फार प्राचीन नाहींत एवढें कळलें. नंतर जोसेफ वायनर व ल ग्रो क्लार्क यांच्यासह अधिक बारकाईनें तपासणी होऊन नोव्हेंबर १९५३ मध्यें निर्णय प्रसिद्ध झाला. कवटी माणसाची, जबडा अलीकडच्या वानराचा. दाढांवर कानशीनें घांसल्याचे ओरखडे. आणि जुनाट तपकिरी रंग केवळ वरवर चढविलेला. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या डीएनए-परीक्षेनें जबडा ओरांगउटानाचा ठरला, आणि दोन्ही ठिकाणचे दांत बहुधा एकाच जनावराचे असावेत असें दिसून आलें. डॉसनच्या संग्रहांतील इतर कित्येक वस्तूहि बनावट ठरल्या असून, संशयाचा मुख्य रोख आज त्याच्यावरच आहे.

याच्या उलट उदाहरण चीनमधील आहे. पेकिंगजवळ झोउकोउदियान येथें १९२९ सालीं व त्यापुढें निघालेलीं प्राचीन मानवाचीं हाडें १९४१ सालीं युद्धाच्या धामधुमींत नाहींशीं झालीं. परंतु फ्रान्झ वायडनराइख यांनीं त्यांच्या उत्तम प्रतिकृति, मापें व चित्रें करून ठेविलीं होतीं, आणि पुढें त्याच जागीं झालेल्या खोदकामानेंहि त्या साक्षीस पुष्टि मिळाली. मूळ गेलें तरी प्रामाणिक नकलेनें ज्ञान राखलें. आणि पिल्टडाउनास मूळ असूनहि तें न तपासल्यामुळें अज्ञान राखलें गेलें.

आम्ही हें दुसऱ्यांस दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं. एका स्तोत्राच्या पोथींतील पाठ आमच्या अनुमानास पोषक होता, म्हणून आम्हीं तो एकदां केवळ नकलेच्या आधारें स्वीकारला होता. मूळ पोथी पाहिल्यावर तो पाठ नक्कल करणाराच्या हातचा निघाला. प्रतिकूल पाठ असता तर मूळ पाहण्यास आम्हीं एक दिवसहि विलंब केला नसता. पिल्टडाउनच्या विद्वानांचें असेंच झालें. बनविणारानें कवटी बनविली, पण ती खरी मानण्याची तयारी आधींच झालेली होती. म्हणून संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, कागद असो वा हाड, तें कोठें व कसें मिळालें हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. मूळ वस्तु तज्ज्ञांस मोकळेपणानें पाहूं द्यावी. आणि जी साक्ष आपल्या मनासारखी असेल तिचीच उलटतपासणी सर्वांत आधीं करावी.