पट्टा नवा, पण गाडी थरथरते!
जुन्या मोटारीचा दोष शोधण्याची स्वस्त ते महाग अशी पायरी

टायमिंग पट्टा बदलला आणि दुसऱ्याच दिवशी गाडी सिग्नलला उभी असताना थरथरू लागली, ही तक्रार जुनी मारुती ८०० बाळगणाऱ्यांना नवी नाही. गिऱ्हाईक म्हणते, "गाडी दिली तेव्हा चांगली होती." मिस्त्री म्हणतो, "गाडीच जुनी झाली." या वादात गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि गॅरेजवाल्याचे नाव जाते. छोट्या गॅरेजची खरी पुंजी म्हणजे त्याचे नाव. म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. त्याआधी आपल्या उस्तादांचा हात प्रीमियर पद्मिनी आणि अम्बेसिडर यांवर बसलेला होता. त्या इंजिनांत टायमिंगसाठी लोखंडी साखळी असे. मारुतीने रबरी दातेरी पट्टा आणला. तो ठराविक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, पण या गाड्या त्यानंतरही गॅरेजमध्ये येत राहिल्या.

पट्ट्याचे काम काय? क्रँक दोन फेरे फिरला की कॅमशाफ्टने बरोबर एक फेरा फिरायचा, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात व मिटतात. क्रँकच्या पुलीवर पट्टा एक दात जरी चुकला, तरी व्हॉल्व्हची वेळ क्रँकच्या हिशेबाने पंधरा-वीस अंशांनी सरकते. गाडी चालू होते, रस्त्यावर धावतेही. पण स्लोवर थरथरते आणि चढावर दम टाकते.

तरीही लगेच पट्टा उघडू नये. आधी बिनखर्चाचे बघावे. काम करताना प्लगच्या वायरी काढल्या असतील तर त्या अदलाबदल झाल्या आहेत का? कार्बोरेटरजवळची एखादी व्हॅक्यूमची नळी निघाली किंवा चिरली आहे का? शिट्टीसारखा आवाज येत असेल तर नळ्या एकेक करून चिमटीत दाबून पाहाव्यात. इंजिनाचा आवाज एकसारखा असून फक्त बॉडी हलत असेल तर इंजिनाचे माउंटिंग तपासावे. तीन सिलिंडरचे इंजिन मुळात थोडे हलतेच, हेही ध्यानात असावे.

इतके करूनही फरक पडला नाही, तर कॉम्प्रेशन गेज लावावा. एकाच सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी असेल तर दोष त्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हचा किंवा रिंगचा समजावा. तिन्ही सारखेच कमी असतील आणि गाडी पूर्वी चांगली ओढत असेल, तर संशय पट्ट्यावर घ्यावा. व्हॅक्यूम गेज असल्यास तोही बोलतो. समुद्रसपाटीजवळ चांगले इंजिन स्लोवर साधारण १७ ते २१ इंच दाखवते. काटा स्थिर पण खाली राहिला, तर व्हॉल्व्हची किंवा करंटची वेळ मागे पडली आहे.

येथे एक फसगत होते. कार्बोरेटरच्या मारुतीत डेल्को कॅमशाफ्टवरून फिरतो. पट्टा चुकला की करंटची वेळही चुकते. मिस्त्री डेल्को फिरवून करंट जुळवतो, कार्बोरेटरचा स्क्रू पिळून स्लो वाढवतो. थरथर दबते, पण व्हॉल्व्ह चुकलेलेच राहतात. गाडी पेट्रोल जास्त खाते आणि गिऱ्हाईक महिन्याभरात परत येते.

खरा इलाज सरळ आहे. प्लग काढून क्रँक पान्याने, इंजिन फिरते त्याच दिशेने, हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावा. मग दोन्ही पुल्यांच्या खुणा पुन्हा पाहाव्यात. काही पुल्यांवर एकाहून अधिक खुणा असतात, म्हणून कंपनीच्या पुस्तिकेतील चित्र समोर असावे. टेन्शनर कसताना पट्टा ओढला जाऊन दात सरकतो, त्यामुळे कसल्यानंतरची तपासणी टाळू नये. क्रँक पुलीचा बोल्ट ढिला राहिल्यास चावी झिजते व टायमिंग पुन्हा सरकते, तेही पाहावे. खुणा जुळल्यावरच टायमिंग लाइटने डेल्को जुळवावा.

गॅरेजवाल्या बांधवांना आमची सूचना अशी : काम हाती घेण्यापूर्वी गिऱ्हाइकासमोर गाडी चालू करावी. स्लो कसा आहे, किलोमीटर किती झाले, हे जॉब कार्डावर लिहून सही घ्यावी. जुना पट्टा गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. खुणा चुकलेल्या निघाल्या तर दुसरी मजुरी मागू नये. दोष जुन्या व्हॉल्व्हचा निघाला तर गेज दाखवून सांगावे. गिऱ्हाइकांनीही पावती जपावी आणि गाडी थरथरली तर दुसऱ्या गॅरेजात स्क्रू पिळून घेण्याआधी पहिल्याच मिस्त्रीकडे न्यावी. दोन फेरे हाताने फिरवायला फार वेळ लागत नाही. गेलेले गिऱ्हाईक परत आणायला मात्र वर्षे लागतात.