घरी गाणं रेकॉर्ड करताना ताल का सुटतो? आधी साउंड कार्ड बघा!
हेडफोन लावून गायला बसलं की स्वतःचाच आवाज क्षणभर उशिरा कानात येतो आणि ताल सुटतो. दोष बऱ्याचदा गळ्याचा किंवा माइकचा नसतो, लॅपटॉपमधल्या साउंड कार्डचा असतो. ते मीटिंगपुरतं ठीक. गाण्यासाठी यूएसबीने जोडायचं बाहेरचं कार्ड, म्हणजे ऑडिओ इंटरफेस घ्या. त्यात ‘डायरेक्ट मॉनिटर’ची सोय हवीच, मग आवाज कॉम्प्युटरमधून फिरून न येता थेट हेडफोनमध्ये येतो. विंडोज असेल तर कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर मिळतो का, तेही विचारा. एक्सएलआर केबलच्या कंडेन्सर माइकला सहसा 48 व्होल्टची फँटम पॉवर लागते, नाहीतर माइक मुकाच! खोक्यावरचे 192 किलोहर्ट्झ जाहिरातीला छान. घरच्या गाण्याला 24 बिट, 48 किलोहर्ट्झ पुरे. गाणं आणि गिटार असेल तर दोन इनपुट भागतात, पेटी-तबलाही सोबत असेल तर चार बघा.