पाळीचे तास आणि संगणकाचे घड्याळ

आमच्या नागऱ्याच्या शिवमंदिरावर सूर्य माथ्यावर येतो तेव्हा, वर्षाची सरासरी धरली तर, घड्याळात बारा वाजून नऊ मिनिटे झालेली असतात. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून ठरली आहे आणि आपण तिच्या सव्वादोन अंश पश्चिमेला आहोत. अंशाला चार मिनिटे, एवढा हा त्रैराशिकाचा हिशेब. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. तरी वेळ विचारणाऱ्याला ‘कोणाच्या घड्याळाने?’ असे उलट विचारावे, हे आम्ही संघटनेच्या कामात शिकलो.

प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ रोजी आली. त्यापूर्वी देशातील रेल्वे मद्रासच्या वेळेने चालत असे. मद्रास आणि गोंदिया जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, त्यामुळे आपल्याकडे रेल्वेची वेळ आणि उन्हाची वेळ आपसूक जुळत असे. मुंबईची स्थानिक वेळ मात्र नव्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती. त्या जानेवारीत मुंबईच्या काही हजार गिरणी कामगारांनी काम थांबवून विरोध केला. सुशिक्षितांनी या भांडणात स्वाभिमान पाहिला, आणि तो होताही. पण भोंगा तितकाच आधी होणार आणि अंधारात घर सोडावे लागणार, ही कामगाराची तक्रार आम्हाला अधिक वजनदार वाटते. मुंबईची वेळ १९५५ पर्यंत टिकली. म्हणूनच १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात असे लिहावे लागले की, या कायद्यातील वेळ म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ. जेथे ती रूढ नसेल तेथे राज्य सरकारला नियम करून स्थानिक वेळ मान्य करता येईल. कायदा करणाऱ्यांनी आमचा उलट प्रश्न आधीच ओळखला होता!

आता हजेरी अंगठ्याच्या यंत्रावर लागते आणि तासांची बेरीज संगणक करतो. विडी कामगाराला हजारावर मजुरी, त्याला याची फारशी झळ नाही; पाळीवर जाणाऱ्याला आहे. प्रोग्रॅम लिहिणारे ज्याला लायब्ररी म्हणतात ती पुस्तकांची खोली नव्हे. एकाने नीट लिहून ठेवलेला आणि इतरांनी आपल्या प्रोग्रॅमला जोडून घ्यायचा तो तयार हिशेब. वेळेच्या लायब्ररीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या असतात. एक म्हणजे क्षण. बहुतेक संगणक तो १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून मोजलेल्या सेकंदांत धरतात, आणि तो सगळ्या जगाला एकच. दुसरी गोष्ट त्या क्षणी अमुक गावच्या घड्याळात किती वाजले ही. त्यासाठी गावोगावच्या नियमांची एक वही आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी ती अमेरिकेत १९८० च्या दशकात सुरू केली. आता ती ‘आयाना’ या संस्थेमार्फत सर्वांना फुकट मिळते.

या दोन गोष्टींची गल्लत झाली की मजुरी बुडते. न्यूयॉर्कला नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ मागे करून एक वाजवतात. रात्री दहाला कामावर आलेला मनुष्य सकाळी सहाला सुटला, तर घड्याळातले आकडे वजा करणारा प्रोग्रॅम आठ तास दाखवील. मनुष्याने काम केलेले असते नऊ तास. दोन्ही वेळा आधी क्षणांत बदलून मग वजाबाकी केली, तर नऊच येतात. मार्चमध्ये याच्या उलट, सातच तास भरतात.

न्यूयॉर्कशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. पुण्या-नागपुरात बसून तिकडच्या कचेरीचे काम करणाऱ्या मुलांना विचारा. तिथले सकाळचे साडेनऊ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे आठ आणि उन्हाळ्यात संध्याकाळचे सात. आपले घड्याळ हलत नाही, पण पाळी हलते. आणि हा प्रकार आपल्याकडेही झालेला आहे. युद्धामुळे १ सप्टेंबर १९४२ पासून देशाचे घड्याळ तासभर पुढे होते, ते ऑक्टोबर १९४५ मध्ये मागे आले. त्या रात्री जे पाळीवर होते त्यांची रात्र तासाने लांबली.

झालेल्या गोष्टीचा क्षण नोंदवावा हे ठीक. पुढे व्हायच्या गोष्टीसाठी मात्र घड्याळाची वेळ आणि गावाचे नाव लिहून ठेवावे. कारण मधल्या काळात सरकारे नियम बदलतात. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागातून उन्हाळी वेळ काढून टाकली. तिथल्या उन्हाळ्यातील सभा ज्यांनी आधीच सेकंदांत बदलून ठेवल्या होत्या, त्यांच्या सभा तासभर सरकल्या.

या वहीत भारताची ओळ कोलकात्याच्या नावाने आहे. मुंबईची स्वतंत्र ओळ नाही. १९७० नंतर ज्यांची घड्याळे वेगळी चालली त्यांनाच वेगळी ओळ, असा तिचा नियम, आणि मुंबई त्याआधीच प्रमाणवेळेत आलेली. तेव्हा १९३० साली मुंबईत, मुंबईच्या घड्याळाने सकाळी सातला जन्मलेल्या माणसाची वेळ संगणकात जशीच्या तशी घातली, तर त्याचा जन्म एकोणचाळीस मिनिटे आधीचा ठरतो. जुन्या पत्रिका करणाऱ्यांना हे ठाऊक असते. ते तेवढी मिनिटे हाताने मिळवून घेतात.