दाब उतरला, पेशींचं काय?

काचबिंदूच्या उपचारात 1968 हे साल दोन कारणांनी महत्त्वाचं ठरलं. डोळ्यातल्या पाण्याला नवी वाट करून दाब उतरवणारी ट्रॅबेक्युलेक्टमी ही शस्त्रक्रिया केंब्रिजच्या केर्न्स यांनी त्याच वर्षी मांडली. कॉर्नियाच्या आतल्या थरातील पेशी डोळा न कापता पाहण्याचं तंत्र डेव्हिड मॉरिस यांनी मांडलं तेही त्याच वर्षी. या दोन गोष्टींची गाठ मात्र फार उशिरा पडली.

हा थर म्हणजे एंडोथेलियम. प्रौढ माणसात दर चौरस मिलिमीटरला साधारण अडीच ते तीन हजार पेशी. त्या कॉर्नियातलं पाणी सतत उपसून त्याला पारदर्शक ठेवतात. एखादी मेली तर नवी येत नाही. शेजारच्या पसरून जागा भरतात. संख्या पाचशेच्या आसपास आली की कॉर्निया सुजून धुरकट होण्याचा धोका वाढतो.

काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, म्हणून दाब उतरला की शस्त्रक्रिया यशस्वी, असाच हिशेब चालला. पुढे डोळ्यातलं पाणी बाहेर वळवणाऱ्या नळ्या आल्या: 1993 चा अहमद व्हॉल्व, मग 2013 मध्ये मदुराईच्या ऑरोलॅबची स्वस्त ‘आडी’. नळीचं टोक जिथे कॉर्नियाला जवळ, तिथे पेशी जास्त झडतात, हे मोजमापांतून दिसलं.

खरा धक्का बसला ऑगस्ट 2018 मध्ये. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबरोबर बसवायची ‘सायपास’ ही सूक्ष्म नळी अल्कॉन कंपनीने बाजारातून मागे घेतली. अमेरिकेत मंजुरी मिळून जेमतेम दोन वर्षं झाली होती. पाच वर्षांच्या पाहणीत नळीवाल्या डोळ्यांतल्या सुमारे 20 टक्के पेशी गेल्या होत्या. फक्त मोतीबिंदू काढलेल्यांत 10 टक्के. दोन वर्षांच्या निकालांवर विसंबणं किती महाग पडतं!

या कथेला विदर्भाचाही धागा आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले हरमिंदर दुआ यांनी 2013 मध्ये कॉर्नियातला जेमतेम 15 मायक्रॉनचा थर वेगळा ओळखला. त्याचे तंतू डोळ्यातलं पाणी गाळणाऱ्या जाळीपर्यंत पोहोचतात, हे त्यांनी नंतर दाखवलं; म्हणजे कॉर्निया आणि दाब यांचं नातं रचनेतही आहे.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार-मेहकरच्या रुग्णाला मोठ्या तपासणीसाठी अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं. एकदा दाब उतरला की रुग्ण पुढच्या फेऱ्या टाळतात. बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला 2024 मध्ये मंजुरी मिळाली. तिथल्या नेत्रविभागात नळी बसवण्याआधी आणि नंतर दरवर्षी पेशी मोजल्या जाव्यात, आणि केसपेपरवर दाबाशेजारी तोही आकडा लिहिला जावा.