खपलीची देणगी

पौष महिन्यातील पहाट. नीरेच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला गहू नातेपुत्याच्या शिवारात डोलत असतो. पात्यापात्यावर दव साचलेले असते. अशा वेळी एखादा अनुभवी शेतकरी बांधावरून वाफ्यात उतरतो, एक पाते बोटांत धरून हलकेच चोळतो आणि बोटांकडे निरखून पाहतो. बोटे स्वच्छ राहिली, तर तो समाधानाने पुढे जातो. परंतु बोटांना तांबूस पूड लागली, तर त्याचा चेहरा उतरतो. ती पूड म्हणजे तांबेरा होय.

तांबेरा ही एक बुरशी आहे. लोखंडावर गंज चढावा, तसे तिचे फोड गव्हावर उठतात. खोडावर येणारा काळा तांबेरा, पानांवर येणारा नारिंगी तांबेरा आणि पिवळा तांबेरा असे तिचे तीन प्रकार आहेत. पिवळ्याला थंडी अधिक लागते. म्हणून त्याचा उपद्रव मुख्यतः उत्तर भारतात होतो. महाराष्ट्रात पहिल्या दोहोंचे भय अधिक. बोटांना लागणारी पूड म्हणजे या बुरशीचे असंख्य बीजाणू. ते वाऱ्याबरोबर दूर दूर जातात. दवाचा ओलावा मिळाला, की बीजाणूला अंकुर फुटतो. तो पानावरील सूक्ष्म रंध्रातून आत शिरतो आणि पेशींतील अन्नरस शोषू लागतो. मग ओंबी भरत नाही आणि दाणा चिरमुटतो. १९४६-४७ च्या हंगामात मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याने गव्हाची अशीच नासाडी केली होती.

उन्हाळ्यात तर आपल्या शेतांत गहू नसतो. मग ही बुरशी दर वर्षी येते कोठून? आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. मैदानी प्रदेशातील कडक उन्हात हे बीजाणू तग धरू शकत नाहीत. थंड डोंगराळ मुलखातच ते जिवंत राहतात व तेथून वाऱ्याबरोबर खाली येतात, असे त्यांनी दाखवून दिले. १९४० साली त्यांचे हे संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. दक्षिणेतील निलगिरी व पळणी हे डोंगर अशा आश्रयस्थानांपैकी आहेत. वाऱ्याला बांध घालता येत नाही. तेव्हा शत्रूला वाटेत अडविण्यापेक्षा पीकच बळकट करणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो.

पीक बळकट करणे म्हणजे काय? एकाच शेतात शेजारी शेजारी पेरलेल्या दोन जातींपैकी एक तांबेऱ्याने माखते, तर दुसरीच्या पानांवर केवळ बारीक फिकट ठिपके दिसतात. बीजाणू दोहोंवरही पडलेले असतात. परंतु दुसऱ्या जातीच्या पेशींना शत्रूची चाहूल लागते आणि बुरशी जेथे शिरली, तेथील मूठभर पेशी आपण होऊन मरतात. ही बुरशी केवळ जिवंत पेशींवरच जगते. भोवतालच्या पेशी मेल्या, की तिचीही उपासमार होते. थोड्या पेशींच्या बलिदानाने सारे रोप वाचते.

हा गुण खतापाण्याने येत नाही. तो बियाण्यातच असावा लागतो. मेंडेल यांनी १८६६ साली वाटाण्यावरील प्रयोगांतून आनुवंशिकतेचे नियम मांडले होते. केंब्रिजच्या बिफेन यांनी १९०५ साली ते गव्हाच्या रोगाला लावून पाहिले. पिवळ्या तांबेऱ्याला दाद न देणारी एक जात आणि बळी पडणारी दुसरी जात यांचा त्यांनी संकर केला. पहिल्या पिढीतील सर्व रोपे रोगाला बळी पडली. तो गुण नाहीसा झाला, असेच कोणालाही वाटले असते. परंतु त्याच रोपांच्या बियाण्यातून वाढलेल्या दुसऱ्या पिढीत सुमारे चारांत एक रोप निरोगी निघाले! गुण नष्ट झाला नव्हता. तो केवळ झाकला गेला होता. गुणाच्या अशा वाहकाला आपण जनुक म्हणतो.

येथे मात्र गोष्ट संपत नाही. जनुक हा जणू शेताचा रखवालदार. तो ठराविक चोराला ओळखतो. परंतु चोराने सोंग बदलले, तर रखवालदार फसतो. बुरशीतही जनुके असतात आणि त्यांत बदल होत राहतात. अमेरिकेतील फ्लोर यांनी जवसावरील तांबेऱ्याचा अभ्यास करून ही गोष्ट सिद्ध केली. म्हणूनच नव्या रखवालदारांचा शोध कधीच थांबत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास आपल्या निफाडच्या संशोधकांनी केनियातील गव्हाशी संकर करून ‘केनफाड’ या जाती तयार केल्या. नावातच दोन्ही कुळे आली आहेत. पुढे राय या धान्यातून घेतलेल्या एका जनुकावर जगातील पुष्कळ गहू विसंबून राहिला. १९९८ साली युगांडात काळ्या तांबेऱ्याचा असा एक वाण आढळला, की ज्याच्यापुढे तो जनुकही निष्प्रभ ठरला!

अशा वेळी आठवण होते ती आपल्या खपलीची. हिलाच कोणी जोड गहू म्हणतात. हिचे टरफल दाण्याला इतके घट्ट बिलगलेले असते, की मळणीत ते सुटत नाही; दाणे कांडावे लागतात. हिची खीर कोणाला आवडत नाही? ही खपली तांबेऱ्याला सहसा जुमानत नाही. अमेरिकेतील स्टॅकमन यांनी काळ्या तांबेऱ्याचे वाण ओळखण्यासाठी गव्हाच्या बारा जाती निवडल्या, तेव्हा त्यांत ‘खपली’ याच नावाने तिला स्थान मिळाले. सिडनीच्या वॉटरहाउस यांनी तिचा चपातीच्या गव्हाशी संकर केला. हे काम सोपे नव्हते; कारण खपलीत २८ गुणसूत्रे, तर चपातीच्या गव्हात ४२. अशा विजोड संकराची रोपे बहुधा वांझ निघतात. तरीही चिकाटीने त्यांनी ‘खपस्टीन’ हा गहू निर्माण केला. त्यातून खपलीचे जे जनुक पुढे आले, त्यांपैकी ‘एस-आर १३’ हा युगांडातील त्या वाणालाही थोपवितो. २०१७ साली शास्त्रज्ञांनी या जनुकाची नेमकी रचना उलगडली.

खपलीचे उत्पन्न कमी, कांडण्याचे कष्ट अधिक. म्हणून पुष्कळांनी तिची पेर सोडली. त्यांना दोष कसा द्यावा? संसार तर उत्पन्नावरच चालतो. परंतु एखाद्या जातीचे शेवटचे बी संपले, की तिच्यातील जनुकही संपतात. ते पुन्हा घडविता येत नाहीत. उद्या कोणता शत्रू कोणते सोंग घेऊन येईल, हे आज कोणाला सांगता येणार? म्हणून मुलांनो, घरच्या कणगीत जुन्या वाणाचे पसाभर बी दिसले, तर ते क्षुल्लक समजू नका. बांधाच्या कडेला त्याची एक ओळ तरी पेरा.

प्रश्न
१. तांबेरा दर वर्षी आपल्या शिवारात कोठून येतो?
२. बिफेन यांच्या प्रयोगातील दुसऱ्या पिढीत काय आढळले? त्यावरून काय सिद्ध होते?
३. ‘थोड्या पेशींच्या बलिदानाने सारे रोप वाचते.’ स्पष्ट करा.
४. तुमच्या गावातील वडीलधाऱ्यांना विचारून धान्यांच्या जुन्या वाणांची नावे लिहून आणा.