वाघूरच्या काठाने चंक्रमण : अजिंठ्याची एक पायी सहल



वर्षावास सुरू झाला की विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. वर्षावासाचा शेवट जवळ आला की अनेक वस्त्यांतून अजिंठ्याच्या सहलीचा बेत निघतो. ही सहल बसमधून उतरून फोटो काढण्यापुरती न ठेवता नीट पायी केली, तर ती शरीरालाही औषधासारखी लागू पडेल.

भगवान बुद्धांनी भिक्खूंना चंक्रमणाचे, म्हणजे सजगपणे येरझारा घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, कष्टाची ताकद येते, आजार कमी होतात, अन्न पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता टिकते. आजचे डॉक्टरही आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालायला सांगतात. म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम कशाला?" असे आपल्या आयाबहिणी म्हणतात. पण वाकून धुणीभांडी केल्याने कंबर मोडते, दम मात्र वाढत नाही. बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेहाने फार छळले. आज हा आजार वस्तीतल्या घराघरात आला आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

वाट कशी आहे?
फर्दापूर फाट्यावर गाडी ठेवून तिथल्या बसने सुमारे ४ किलोमीटर आत जावे लागते. लेणी सोमवारी बंद असतात. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. सुरुवातीला पायऱ्यांचा चढ आहे, पुढे कड्याच्या पोटातून वाट जाते. वाघूर नदीने इथे घोड्याच्या नालेसारखे वळण घेतले आहे आणि त्या वळणावर ३० लेणी कोरली आहेत. १० क्रमांकाचा चैत्य इसवी सनापूर्वीचा, तर २६व्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती पाचव्या शतकातली. पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहत, त्यासाठीच विहार उभे राहिले. म्हणून वर्षावासात इथे चालण्याला वेगळा अर्थ आहे.

लेणी पाहून खाली नदीकडे उतरावे आणि पुलावरून पलीकडे जावे. तिथून नदीकाठाने परत प्रवेशद्वाराकडे येता येते, म्हणजे फेरी पूर्ण होते. ज्यांचे गुडघे आणि दम चांगला आहे त्यांनी समोरचा डोंगर चढून लेण्यांची सगळी रांग एका नजरेत पाहावी. नदीला पाणी जास्त असेल तर पहारेकऱ्याला विचारूनच पुढे जावे.

भाद्रपदात डोंगर फुलांनी भरतो. गुलाबी तेरडा, पांढरट-गुलाबी कुरडू, पिवळा तरोटा. कुरडू-तरोट्याची कोवळी भाजी आपल्या घरातली, पोरांना ती ओळखायला शिकवा. लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी कळलावी मात्र विषारी आहे, तिला हात लावू देऊ नका. फुले तोडू नका.

ही काळजी घ्या
• चालताना शेजारणीशी बोलता यावे, पण भीमगीत म्हणता येऊ नये, एवढाच वेग ठेवा. बोलतानाच धाप लागली तर थांबा.
• पौर्णिमेचा उपोसथ धरून रिकाम्या पोटी चढू नका. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना हात थरथरणे, घाम, चक्कर असे झाले तर लगेच साखर खाऊन बसावे.
• चित्रे असलेल्या लेण्यांत चप्पल बाहेर काढावी लागते. साखरेमुळे तळपाय बधिर झालेल्यांनी मोजे घालावेत आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत. बारीक जखमही कळत नाही.
• सिकलसेलच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पाणी वारंवार प्यावे, पावसात भिजून गारठू नये, दमेपर्यंत चढू नये. पाणी कमी पडणे आणि गारठा, दोन्हींनी दुखणे उठते.
• गुडघ्यांना चढापेक्षा उतार जड जातो. काठी घ्या, पावले लहान टाका. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीची सोय आहे.
• छातीत दुखले, दाटले, तर "गॅस असेल" म्हणून चालत राहू नका. बसा आणि लगेच दवाखाना गाठा.
• कड्यावर मधमाश्यांची पोळी असतात. धूर, दगड, आरडाओरडा नको. माकडांसमोर खाऊ काढू नका.

जाण्याआधी तीन आठवडे महिला मंडळाने रोज संध्याकाळी वंदनेनंतर अर्धा तास एकत्र चालावे. एकटीला रस्त्यावर चालायला संकोच वाटतो, दहाजणी असल्या की वाटत नाही. सहल एका दिवसात संपेल. संध्याकाळचा अर्धा तास मात्र वर्षावास संपल्यावरही सोडू नका.